जेवलंस काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन-चार दिवस पेढ्यांचे असतात. २०१२ साली कोकणचे स्वतंत्र विभागीय मंडळ झाले. तेव्हापासून निकालाच्या टक्केवारीत आपला विभाग बहुतेक वर्षी राज्यात पहिला येत आला आहे, त्यामुळे पेढ्यांना कारणही असते. पेढे संपले की घराघरांत दुसरी चर्चा सुरू होते. पुढे काय, आणि कुठे? पूर्वीपेक्षा आज जिल्ह्यात सोयी पुष्कळ झाल्या आहेत. कुडाळात संत राऊळ महाराज महाविद्यालय आहे, ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तरीही दरवर्षी कितीतरी मुले-मुली कोल्हापूर, पुणे, मुंबई नाहीतर पणजीची वाट धरतात. फी किती, हॉस्टेल मिळेल का, रात्रीची गाडी कोणती, याची खल करकरून चर्चा होते. मुलगा तिथे आजारी पडला तर काय करील, ही चर्चा मात्र मी फारशी ऐकलेली नाही.

अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या शरीराकडे स्वतः कधी पाहिलेलेच नसते. ताप आईच्या तळहाताला आधी कळतो. पोट साफ झाले का, हे आजी विचारते. पाणी कोणी उकळले, सकाळची पेज कोणी ठेवली, अंथरूण-पांघरूण कोणी धुतले, याचा विचार करण्याची वेळच आलेली नसते. गाडी खारेपाटण ओलांडते आणि ही सगळी खाती एका रात्रीत त्याच्या गळ्यात पडतात. अभ्यासाची तयारी दोन वर्षे क्लास लावून झालेली असते, याची एक तासही झालेली नसते.

त्याचे परिणाम मला गणेश चतुर्थीच्या सुमारास दिसतात. त्या आठवड्यात दवाखान्यात जी कॉलेजची मुले येतात त्यांना मी मनातल्या मनात 'चतुर्थीचे रुग्ण' म्हणते. कॉलेज सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, गणपतीला सगळे घरी आलेले असतात, आणि मोदक खाऊनही मुलाचा चेहरा उतरलेला का, म्हणून आई त्याला घेऊन येते. तक्रारी ठरलेल्या. पोटात दुखते. डोके जड राहते. केस गळतात. वजन तीन-चार किलो कमी झालेले असते. मुलींची पाळी पुढे-मागे झालेली असते. रक्त तपासावे तर पुष्कळदा विशेष काही निघत नाही, आणि मग बाहेर बसलेले वडील म्हणतात, "म्हणजे नाटकच म्हणा ना!"

वाचकहो, हे नाटक नसते. घराची ओढ हा शरीरात उमटणारा अनुभव आहे. नवी जागा, नवी माणसे, नवी भाषा यांचा ताण आला की झोप उथळ होते, भूक मरते, आतड्यांची चाल बिघडते. पाळीचे चक्र तर मनावरच्या ताणाला फार लवकर प्रतिसाद देते. पहिले काही आठवडे हा त्रास जास्त असतो. दिवसा वर्गात तो जाणवत नाही, रात्री दिवे मालवल्यावर किंवा रविवारी दुपारी वर येतो. बहुतेकांच्या बाबतीत पहिले सत्र संपेपर्यंत त्याची धार कमी होते. त्याला औषध लागत नाही. टॉनिकची बाटली तर मुळीच लागत नाही.

पण काही त्रासांची कारणे अगदी साधी असतात आणि ती विचारल्याशिवाय कळत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी अनेकींना लघवीला जळजळ असते. खोदून विचारल्यावर कळते की कॉलेजातले स्वच्छतागृह घाण असते म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. पाणी कमी आणि लघवी तासन् तास अडवलेली, मग जंतुसंसर्ग होणारच. त्यात मुलींना रक्त कमी असण्याचा त्रास आधीच असतो. देशपातळीवरच्या पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला आहे. घरी निदान कुळथाची पिठी, पालेभाजी, मासळी पोटात जाते. तिथे न्याहारी टाळून अकरा वाजता चहा-बिस्किट आणि दुपारी वडापाव झाला, की चार महिन्यांत जिना चढताना धाप लागते. मुलीला पाठवण्यापूर्वी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, हे मी प्रत्येक आईला सांगते. तपासणी स्वस्त आहे.

मुलांची तक्रार वेगळी. आपली मुले भातावर वाढलेली. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी, रात्री पुन्हा भात. पुण्या-कोल्हापूरकडच्या मेसमध्ये पोळी किंवा भाकरी मुख्य आणि भात शेवटी, तोही वाटीभर. "पोट भराक नाय" असे ती सांगतात ते खरेच असते. पोट भरते पण मन भरत नाही, म्हणून रात्री अकराला गाडीवरचे नूडल्स. मग झोप दोनला, सकाळचा तास बुडतो. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे मागे सरकलेले असते, म्हणजे झोप उशिरा येते आणि उशिरापर्यंत हवी असते. त्यात मोबाइलचा उजेड आणि खोलीतल्या चौघांच्या चार तऱ्हा. सात तासांच्या खाली झोप गेली की पाठांतर, चिडचिड आणि सर्दी-पडसे या तिन्ही गोष्टी बिघडतात, हे मुलांना पटवणे मला आजवर फारसे जमलेले नाही. वडिलांची झोप पाच तासांची असते, मग मुलगा आठ तास झोपला तर आळशी ठरतो, हेही एक आहे.

मी स्वतः १९८४ साली मुंबईला गेले. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ साली, आणि पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे एस.टी. हाच मार्ग. पहिला महिना लालबागला मावशीच्या चाळीत काढला आणि मग हॉस्टेल मिळाले. घरी फोन नव्हता. आईचे पोस्टकार्ड आठवड्याला एक, त्यात पाऊस, गाय, शेजारणीचे बाळंतपण आणि शेवटी ठरलेले वाक्य, वेळेवर जेवत जा. त्या वाक्याचा मला कंटाळा यायचा. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर मला कावीळ झाली. आधी आठवडाभर भूक नव्हती, अन्नाचा वास नको वाटायचा, पण ते परीक्षेमुळे असेल असे सगळ्याच म्हणत होत्या. माझ्या डोळ्यांत पिवळेपणा आहे हे प्रथम पाहिले ते शेजारच्या खाटेवरच्या मुलीने. ती विदर्भातली, माझी-तिची फारशी मैत्रीही नव्हती. केस विंचरता विंचरता ती थांबली आणि म्हणाली, "इकडे बघ जरा." त्याच दुपारी तिने मला मावशीकडे पोचवले. डॉक्टर झाल्यावर मी काविळीचे शेकडो रुग्ण पाहिले, पण दूषित पाण्यातून येणारी कावीळ आणि तिची लक्षणे मला पुस्तकापेक्षा त्या खाटेवर जास्त समजली.

घर सोडलेल्या मुलाला धोका अन्नपाण्याचा, डासांचा आणि गर्दीचा असतोच. त्याहून मोठा धोका असा, की त्याच्याकडे रोज पाहणारे माणूस राहत नाही. आपल्या जुन्या लोकांना हे नीट कळले होते, असे मला वाटते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आपल्या मालवणात १८३७ साली जन्मले, रत्नागिरीत शिकून मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले. म्हणजे शिक्षणासाठी इथून बाहेर पडण्याची वाट पावणेदोनशे वर्षांची आहे. त्या काळापासून गरीब विद्यार्थी 'वार' लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात लाचारी होती, अपमान होता, जातीची बंधने होती. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मुलगा गुरुवारी जेवायला आला नाही तर कोणाला तरी कळत असे.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे बोर्डिंग सुरू केले. तिथे मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. खोली आणि पुस्तके देऊन भागत नाही, मुलाच्या ताटाकडे लक्ष ठेवावे लागते, हे त्या बाईंना कळले होते. आपल्या चाकरमान्यांचेही तेच. गिरणगावात गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे, आणि खानावळवाल्या बाई. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खोलीत हवा नव्हती, क्षय फार होता, ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. तरी एखाद्याने दोन दिवस ताट मागे सारले तर बाई विचारायची.

आजच्या हॉस्टेलात तीनशे मुले आणि एक वॉर्डन. मेसच्या काऊंटरवर कार्ड टेकवले की ताट मिळते. न टेकवले तर कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या एका गावातले गृहस्थ माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला, गावातला पहिलाच. त्यांना टॉनिक हवे होते. "अभ्यासात लक्ष नाय, फोन उचलणा नाय." मी मुलालाच घेऊन या म्हटले. तो आला तेव्हा सात किलोंनी उतरला होता. दीड महिना तो वर्गात गेला नव्हता. दिवसभर झोपायचा, रात्रभर जागायचा. दाढी वाढलेली, नखे वाढलेली. वर्गात सगळे इंग्रजीत बोलतात, मला तोंड उघडायची भीती वाटते, एवढे एक वाक्य त्याने पाऊण तासाने सांगितले. मी त्याला सरळ विचारले, जगू नये असे वाटते का? त्याने मान हलवली. बाहेर बाप बसलेला.

हा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, अशी भीती लोकांना वाटते. तसे होत नाही. उलट विचारणारे कोणी भेटले म्हणून मोकळे वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. त्यामुळे इथे आडपडदा ठेवून चालणार नाही. घराची ओढ कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हे ओळखण्याची खूण साधी आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच मन खचलेले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा, आंघोळ-जेवण सुटलेले, आणि मरणाची भाषा किंवा आपल्या वस्तू वाटून टाकणे. यातले शेवटचे दिसले तर दोन आठवडे तर काय, दोन तासही थांबू नये. त्याला एकटे ठेवू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येते. हा आकडा मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावा, आणि आपल्याही.

त्या मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली. ती झोपेची गोळी नव्हती आणि वेडाची तर नव्हतीच, हे वडिलांना दोनदा सांगावे लागले. महिनाभर तो घरी राहिला, मग परत गेला. वडिलांना मी एकच पथ्य दिले. फोनवर पहिली दहा मिनिटे अभ्यास आणि मार्क हे शब्द काढायचे नाहीत. त्यांना ते जड गेले. बोलायला दुसरे काय असते, असे त्यांनी मला विचारले, आणि प्रश्न खराच होता. मग ते आंब्याच्या मोहोराबद्दल, म्हशीबद्दल बोलू लागले. मुलाने पुण्याला दोन मुलांबरोबर खोली घेतली आणि तिघांनी मिळून स्वयंपाक सुरू केला. पेज त्याने करायची, भाकरी सोलापूरच्या मुलाने. इंग्रजीची भीती अशी एका दिवसात गेली नाही, एक वर्ष मागे पडलेच. पण मागच्या पावसाळ्यात त्या सोलापूरच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा याने त्याला रात्री रिक्षातून रुग्णालयात नेले, त्याच्या घरी कळवले, तीन दिवस पाणी किती प्यायला आणि लघवी किती झाली याची वहीत नोंद ठेवली. ती वही त्याने मला आणून दाखवली. दुकानातून अंगदुखीची भलतीच गोळी घेऊ दिली नाही, फक्त पॅरासिटामॉल दिले, हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. डेंग्यूत ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ते बरोबरच होते.

याउलट दुसरी एक मुलगी मुंबईहून पहिल्याच वर्षी परत आली आणि तिने इथल्याच महाविद्यालयात प्रवेश घेतला. गावात लोक काय म्हणायचे ते म्हणाले. तिला दमा होता, आणि ती जिथे राहत होती ती खोली ओलीने काळी पडलेली होती. आज तिचे उत्तम चालले आहे. शहरात टिकलेच पाहिजे असा कुठे कायदा नाही.

जाणाऱ्या मुलांना दोन गोष्टी. पहिली, रॅगिंग सहन करू नका. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि तक्रार करणे म्हणजे चुगली नव्हे. दुसरी थोडी वेगळी आहे. सुट्टीत इथे येऊन परत गेल्यावर ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना 'मी सिंधुदुर्गातून आलो' हे न विचारता सांगा. पावसाळ्यात शेतातल्या चिखलात उतरला असाल तर लेप्टोची शक्यता असते. दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. जानेवारी ते मे या काळात काजूच्या बागेत किंवा रानात फिरला असाल, गोचीड चावली असेल, तर तेही सांगा. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या मनात हे आजार चटकन येतीलच असे नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि क्षयाचे औषध दोन्ही फुकट आहे.

एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे की मुलीला पार्सलमधून काय पाठवावे म्हणजे ताकद राहील. महागड्या पावडरींचे डबे नकोत. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे लाडू, भाजलेले चणे, खजूर पाठवा. भाजलेले नाचणीचे पीठ गरम दुधात कालवून खाता येते. कुळथाचे पीठ पाठवायचे तर हॉस्टेलात शेगडी चालते का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. सुके बांगडे पाठवायची इच्छा होईल, पण खोलीतल्या मुलींना विचारल्याशिवाय नको. आणि लाडू मोजताना खोलीत चौघी आहेत हे धरून मोजा.